माणूस पडतो तेव्हा कोण कमावतं?

१८ ऑगस्ट २००८ रोजी लोणावळ्यातल्या 'बिग बॉस'च्या घरात जेड गुडी नावाच्या २७ वर्षांच्या इंग्रज मुलीला आतल्या खोलीत बोलावलं गेलं आणि तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचं कळवण्यात आलं. इंग्लंडहून निघण्याआधी तिच्या तपासण्या झाल्या होत्या, त्यांचा निकाल आला होता. घरात शिरून तिला जेमतेम एक दिवस झाला होता. ही बातमी तिच्या कानावर पडली तेव्हाही कॅमेरे सुरूच होते. सात महिन्यांनी, २२ मार्च २००९ रोजी, ती गेली.

आपल्याकडे जेड आठवते ती शिल्पा शेट्टीला छळणारी गोरी बाई म्हणून. तेवढ्यावर तिचा विषय संपतो. पण मी ठाण्यात गाणं शिकवते, ऑडिशनला जाणारी आणि ऑडिशनहून परतणारी मुलं रोज बघते, आणि त्यांच्याकडे बघताना मला तिची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. रिअ‍ॅलिटी शोमधून वर आलेला माणूस खाली पडला, की आपण लगेच त्याच्या स्वभावात खोट शोधतो. डोक्यात हवा गेली होती, पैसा पचला नाही, संगत वाईट होती. मला हे पटत नाही. त्या माणसाचं पडणं हे या धंद्यातलं ठरलेलं उत्पन्न आहे. त्याचं वर चढणं विकलं जातं, तसंच खाली येणंही विकलं जातं. मग विकणाऱ्याने त्या माणसाची जबाबदारीही घेतली पाहिजे, आणि ती त्याच्या मर्जीवर न सोडता कायद्याने त्याच्यावर टाकली पाहिजे.

जेडचं आयुष्य नीट बघितलं तर हे स्पष्ट दिसतं. १९८१ साली दक्षिण लंडनमधल्या बर्मंडसीत तिचा जन्म झाला. बाप व्यसनी, तुरुंगात जाऊन-येऊन असलेला. आईचा हात मोटरसायकलच्या अपघातात निकामी झाला, त्यामुळे पोरीनेच लहानपणापासून आईचं केलं. पुढे ती दाताच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करत होती. २००२ साली, आपला 'बिग बॉस' ज्यावर बेतला आहे त्या 'बिग ब्रदर'च्या ब्रिटनमधल्या तिसऱ्या पर्वात तिची निवड झाली. गाणं, नाच, अभिनय यांपैकी तिला काहीच येत नव्हतं, आणि तिची निवड कुठल्या कलेसाठी झालीही नव्हती. ती मोठ्याने बोलायची, तिला साध्या गोष्टी ठाऊक नसायच्या, ईस्ट अँग्लिया हा इंग्लंडचाच भाग तिला परदेश वाटायचा. तिथल्या खपाऊ वर्तमानपत्रांनी तिला डुकराची उपमा दिली, तिच्या अंगावर, दिसण्यावर, अज्ञानावर रकाने भरले. ती चौथी आली. आणि बाहेर पडली तोवर लोकांचा रोख बदलला होता, त्यांना ती आवडू लागली होती. मग मासिकांची मुखपृष्ठं, व्यायामाच्या डीव्हीडी, तिच्या नावाचं अत्तर, आत्मचरित्र असं सगळं आलं. तिच्याकडे विकायला स्वतःखेरीज काहीच नव्हतं, आणि स्वतःला विकण्यात ती कमालीची यशस्वी झाली.

जानेवारी २००७ मध्ये तिला त्याच कार्यक्रमाच्या सेलिब्रिटी पर्वात बोलावलं गेलं. सोबत तिची आई आणि तिचा मित्रही होता. त्याच घरात शिल्पा शेट्टी होती. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. 'शिल्पा पापडम' म्हणून तिला हिणवणं, तिच्या उच्चारांची टर उडवणं, स्वयंपाकघरातल्या एका क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जाणं. ते सगळं वंशद्वेषी होतं, क्रूर होतं. जेडची बाजू घेताना मला त्यातला एक शब्दही सौम्य करायचा नाही. ब्रिटनमधल्या ऑफकॉम या नियामक संस्थेकडे ४४ हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. पाटण्यात पुतळे जाळले गेले. तेव्हाचे ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन नेमके भारत दौऱ्यावर होते, त्यांना इथे खुलासे करत फिरावं लागलं. ८२ टक्के मतांनी जेड बाहेर फेकली गेली, आणि सुरक्षेच्या कारणास्तव नेहमीची गर्दी दाराशी येऊ न देता तिला घराबाहेर काढलं गेलं. शिल्पा जिंकली. आपल्याला अभिमान वाटला, आणि तो वाटणं योग्यच होतं.

आता शिक्षा कोणाला किती झाली ते बघा. जेडचं अत्तर दुकानांतून काढून टाकलं गेलं, आत्मचरित्राची नवी आवृत्ती थांबली, देशातली सगळ्यात तिरस्कृत बाई म्हणून तिचं नाव झालं. आणि ते चित्रण निवडून, कापून, रोज रात्री लाखो घरांत पोचवणाऱ्या वाहिनीला? प्रायोजकाने हात काढून घेतला हे खरं. ऑफकॉमने मे २००७ मध्ये वाहिनीला दोषीही ठरवलं. पण दंड झाला नाही. त्या निकालाचा सारांश वाहिनीने आपल्याच पडद्यावर तीनदा वाचून दाखवायचा, एवढीच शिक्षा. वाद पेटला त्या दिवसांत कार्यक्रमाचा प्रेक्षक घटला नव्हता, वाढला होता. जेडने आयुष्यात जे काही कमावलं होतं ते त्या दोन आठवड्यांत गेलं, आणि त्याच दोन आठवड्यांत तिच्या मालकांचा धंदा झाला.

त्यानंतर दीड वर्षाने तिला लोणावळ्याला आणलं गेलं. का आणलं? भारतात तिची ओळख एकाच गोष्टीमुळे होती, आणि त्या पर्वाची सूत्रसंचालक होती शिल्पा शेट्टी. म्हणजे तिची बदनामी हाच इथला माल होता. पश्चात्ताप, दिलजमाई, अश्रू यांचा दुसरा हंगाम. तेवढ्यात आजार आला आणि तिसरा हंगाम सुरू झाला. २२ फेब्रुवारी २००९ रोजी, मरणाच्या महिनाभर आधी, तिने लग्न केलं, केस गळालेल्या अवस्थेत. त्या लग्नाचेही हक्क विकले गेले. लोकांनी नावं ठेवली. ती उघड म्हणाली, की दोन मुलांच्या शिक्षणासाठी पैसे हवे आहेत. मला तिचं हे वागणं अतिशय प्रामाणिक वाटतं. तिला दुसरा कुठला धंदा कोणी शिकवलाच नव्हता. आणि त्या शेवटच्या महिन्यांत तिने जे उघड्यावर सोसलं त्यामुळे इंग्लंडमध्ये वर्षभरात गर्भाशयमुखाच्या ४ लाखांहून अधिक जादा तपासण्या झाल्या. आपल्याकडे हा आजार किती बायकांना नेतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी जेड गुडीला हसण्याआधी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे परदेशातलं झालं, पण आमच्या शहराला ते परकं नाही. घोडबंदर रोडवर आणि काशीमीऱ्याच्या बाजूला स्टुडिओ आहेत. मालिका तिथे उभ्या राहतात, पडतात. नौपाड्यापासून ऐरोली-घणसोलीपर्यंत डान्स क्लासच्या पाट्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी पाट्यांवर कुठल्या तरी शोचं नाव आणि 'टॉप टेन'पर्यंत गेलेल्या मुलाचा फोटो आहे. आईबाप नोकरी सांभाळून मुलांना घेऊन ऑडिशनच्या रांगेत पहाटेपासून उभे राहतात. मला त्यांची टिंगल करायची नाही. वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडलेल्या घरात मुलाच्या अंगात काही गुण दिसला, तर तो गुण घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न खरा आहे.

एका शोमध्ये काही आठवडे टिकलेला एक मुलगा आमच्या भागातल्या दहीहंडीला यायचा. पहिल्या वर्षी फ्लेक्सवर त्याचा चेहरा आयोजकाच्या चेहऱ्याएवढा होता. गाडी स्टेजपर्यंत आली, बाउन्सर होते, पोरं मोबाइल उंचावून ओरडत होती. पुढे फ्लेक्सवर तो खालच्या ओळीत गेला. आणखी एका वर्षी मी त्याला स्टेजच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला बघितला, दुपारपासून संध्याकाळपर्यंत, डोळ्यांवर गॉगल आणि हातात कोमट झालेली पाण्याची बाटली. मंडळाचा एक कार्यकर्ता येऊन म्हणाला, "दादा, फक्त दोन मिनिटं देतो. तुमचं ते भांडण झालेलं ना, तो डायलॉग मारा आणि उतरा." तो वर गेला, त्याने ते भांडण पुन्हा केलं, तीच शिवी अर्धवट गिळून दिली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. सुपारी ठरली होती त्यातलं निम्मंच पाकीट त्याला मिळालं, आणि तो काही बोलला नाही. हा मुलगा चांगला नाचतो. ते त्या दिवशी कोणालाच बघायचं नव्हतं.

मला यातलं सगळ्यात जास्त लागतं ते हे, की त्या मुलाची ओळख त्याने ठरवली नाही. अशा घरांत २४ तास चित्रण चालतं आणि आपल्याला दिसतो दिवसाचा तास-दीड तासाचा भाग. कोणतं वाक्य ठेवायचं, कोणतं उडवायचं, कोणाच्या हसण्यापुढे कोणाचं रडणं जोडायचं हे संकलनाच्या टेबलावर ठरतं. गाण्याच्या शोमध्येही गाण्याआधी 'एव्ही', म्हणजे स्पर्धकाची ओळख करून देणारी छोटी चित्रफीत असते, त्यात गळकं छप्पर, आईचे डोळे, वडिलांचा हातगाडा. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना पुन्हा एकदा हातगाडा ढकलत यायला सांगितलं होतं, कारण पहिल्या वेळी ते हसत आले. आणि मग आठवड्याच्या शेवटी सूत्रसंचालक सगळ्यांसमोर हजेरी घेतो. समोरच्याला उलट बोलायची सोय नसते, कारण बाहेरचं जग त्याच्याबद्दल काय म्हणतंय हे त्याला माहीतच नसतं.

"पण सज्ञान आहेत, सह्या करून जातात, पैसे घेतात," हा आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

सह्यांचं काय असतं ते मी बघितलं आहे. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीची आई, लोकमान्यनगरात पोळीभाजी केंद्र चालवणारी, एका संध्याकाळी करारनामा घेऊन आली. मुलगी १९ वर्षांची. कागद जाडजूड, सगळा इंग्रजीत, आणि सही करून दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. मी जमेल तसं वाचून सांगितलं. मुलीचा चेहरा, आवाज आणि आयुष्यातली हकिगत कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी आणि 'संपूर्ण विश्वात' वापरायचा हक्क त्यांचा. चित्रण हवं तसं कापायचा-जोडायचा हक्क त्यांचा. त्यातून अपमान झाला, मनस्ताप झाला, तरी दावा करायचा नाही. परवानगीशिवाय पत्रकारांशी बोलायचं नाही. मध्येच सोडून आली तर नुकसानभरपाई तिने द्यायची. ती बाई सगळं ऐकून घेत होती. तिने एकच विचारलं, "ताई, काही झालं तर हिला बघायला कोण येणार, ते कुठं लिहिलंय?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुलगी पुढच्या फेरीत गेली नाही, म्हणून तो कागद तिथेच राहिला.

अशा सहीला संमती म्हणणं मला मान्य नाही. आणि संमती आहे असं क्षणभर धरलं, तरी आपल्या देशाचा कायदा संमतीला सगळीकडे शेवटचा शब्द मानत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात कामाला लागताना एखाद्याने 'इजा झाली तरी भरपाई मागणार नाही' असं लिहून दिलं, तर त्या कागदाला किंमत नसते. १९२३ च्या भरपाई कायद्यातच तसं कलम होतं: असा करार रद्दबातल. शंभर वर्षांपूर्वी आपण हे तत्त्व मान्य केलं, कारण पोटासाठी आलेला माणूस कशावरही सही करतो हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. यंत्रात बोट गेलं तर हे लागू होतं. मग करमणुकीच्या कारखान्यात माणसाचं नाव, झोप, मन गेलं तर का नाही?

सगळेच पडतात असं नाही. २००८-०९ मध्ये झी मराठीवर झालेल्या लिटिल चॅम्प्सच्या पर्वातली कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाचही मुलं आज गाऊन उभी आहेत. याचं कारण मला तरी स्पष्ट दिसतं. त्यांच्यापाशी आधीपासून गाणं होतं, गुरू होते, आणि शो संपल्यावर परत जायला रियाजाची जागा होती. ज्याच्यापाशी अशी जागा नाही, त्याला एकदम प्रसिद्धी दिली तर काय होतं हे बिहारमधल्या सुशील कुमारने स्वतःच लिहिलं आहे. २०११ साली 'कौन बनेगा करोडपती'त त्याने ५ कोटी जिंकले. नंतर फसवणारी माणसं, व्यसन, घरातली भांडणं अशा सगळ्यातून गेल्याचं त्याने २०२० मध्ये जाहीरपणे मांडलं. त्याने तर कोणाशी भांडणही केलं नव्हतं, नुसती प्रश्नांची उत्तरं दिली होती. स्वभाव विकून प्रसिद्ध झालेल्यांची गत याहून बिकट असते, कारण त्यांना परत तोच स्वभाव करून दाखवावा लागतो.

आपल्याकडे नियम अजिबात नाहीत असंही नाही. बालमजुरी कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार १४ वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, त्यातही सलग ३ तासांहून अधिक नाही. चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के वाटा त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. म्हणजे घोडबंदरच्या सेटवर नाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत एक वाट आहे, ती किती चोख पाळली जाते हा वेगळा विषय. पण तीच मुलगी १८ वर्षांची होऊन त्याहून शंभरपटीने क्रूर कार्यक्रमात गेली, तर तिच्यासाठी अशी वाटच नाही. टीव्हीवरच्या मजकुराबद्दल तक्रार करायची सोय आहे ती प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली. आत बसलेल्या माणसाचं काय, हे त्यात कोणाचंच काम नाही.

ब्रिटनला हे उशिरा आणि फार महाग पडून कळलं. आयटीव्ही वाहिनीवरच्या 'लव्ह आयलंड' या जोड्या जुळवणाऱ्या रिअ‍ॅलिटी शोमधून बाहेर आलेल्या दोघांनी, २०१८ मध्ये एकीने आणि २०१९ मध्ये दुसऱ्याने, आयुष्य संपवलं. त्याच वाहिनीवरचा, लोकांची घरगुती भांडणं पडद्यावर आणणारा जेरेमी काइलचा कार्यक्रम २०१९ मध्ये एका सहभागी माणसाच्या मृत्यूनंतर कायमचा बंद झाला. संसदेच्या समितीने चौकशी लावली. घरी परतलेल्या स्पर्धकाला किमान ८ वेळा समुपदेशन देण्याचं आयटीव्हीने जाहीर केलं, आणि एप्रिल २०२१ पासून ऑफकॉमच्या नियमांतच आलं, की भाग घेतल्यामुळे ज्याला गंभीर इजा होण्याचा धोका आहे त्याची योग्य काळजी वाहिनीने घ्यायची. जपानमध्ये २०२० साली हाना किमुरा ही २२ वर्षांची कुस्तीगीर एका रिअ‍ॅलिटी शोनंतर झालेल्या ऑनलाइन शिव्याशापांनी गेली. दोन वर्षांनी तिथल्या सरकारने अपमानाच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास लावला. जपानच्या मार्गाची मला भीती वाटते. शिव्या देणाऱ्या हजारोंमागे पोलीस लावता येत नाहीत, आणि असे कायदे उद्या सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्यांवर उलटतात. ब्रिटनचा मार्ग बरोबर आहे, कारण तो ज्याच्या तिजोरीत पैसे जातात त्याच्याकडे बोट दाखवतो.

प्रेक्षकाला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. लोकांना भांडणंच हवी असतात, असं निर्माते म्हणतात. लोकांना पुष्कळ काही हवं असतं. गडकरी रंगायतनला चांगल्या नाटकाचा बोर्ड 'हाउसफुल्ल' लागतो, तोही याच शहरातल्या लोकांमुळे. तरीही आपल्या हातात काहीच नाही असं नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलाच्या फोटोखाली काय लिहायचं, आणि हंडीच्या स्टेजवर त्याच्याकडून भांडण करून घ्यायचं की नाच, हे आपणच ठरवतो. मंडळांनी एवढं तरी करावं, की ठरलेलं पाकीट पूर्ण द्यावं.

मोठी मागणी मात्र सरकारकडेच करायची आहे. करारनामा स्पर्धकाच्या भाषेत हवा, आणि सही करण्याआधी तो घरी नेऊन कोणाला तरी दाखवायला किमान आठवडा हवा. मनस्तापाबद्दल दावा करणार नाही, हे कलम १९२३ च्या धर्तीवर बेकायदेशीर ठरवावं. कार्यक्रम सुरू असताना आणि त्यानंतर निदान वर्षभर समुपदेशकाचा खर्च निर्मात्याने करावा, आणि तो समुपदेशक निर्मात्याच्या पगारावरचा नसावा, नाहीतर आतली गोष्ट संकलनाच्या टेबलावर पोचायला वेळ लागणार नाही. आजाराची, मृत्यूची, घरातल्या संकटाची बातमी देताना कॅमेरा बंद, यात अपवाद नको. केंद्राने हे करायला दहा वर्षं घेतली तरी महाराष्ट्राला थांबायचं कारण नाही. गोरेगावपासून काशीमीरा-घोडबंदरपर्यंत इतकं चित्रीकरण आपल्या राज्यात होतं, आणि त्याच्या परवानग्या इथल्याच सरकारी कार्यालयांतून जातात. त्या परवानगीच्या अर्जाला स्पर्धकांच्या काळजीचं एक पान जोडायला लावणं, आणि ते पान कोरं असेल तर अर्ज परत पाठवणं, हे उद्यापासून करता येईल.